बाईच्या हातातली बांगडी

परवा एका शाळेच्या समारंभात माझी ओळख करून देणाऱ्या गृहस्थांनी तो किस्सा पुन्हा सांगितला. "मॅडमनी लहानपणी जगप्रसिद्ध चित्राची रांगोळी काढली होती बरं का, पण मोबाइलच्या गेममधलं नकली चित्र बघून," असं ते म्हणाले आणि सभागृह मनापासून हसलं. मीही हसल्यासारखं केलं, शाल आणि नारळ घेतला आणि घरी आले. घरी आल्यावर मात्र माझं डोकं असं फिरलं की चहाचं आधण गॅसवर ठेवलेलं विसरले आणि पातेलं करपवून बसले. मुलांना चित्रकला शिकवण्यात जन्म गेला, कोरेगावच्या अर्ध्या पोरांना मी पेन्सिल धरायला शिकवलं, पण कुठेही गेले तरी हा किस्सा माझ्याआधी खुर्चीत जाऊन बसलेला असतो. लोकांना तो विनोदी वाटतो. मला तो कधीच विनोदी वाटला नाही. म्हणून आता एकदाच सगळा लिहून काढते. वाचून ज्याला हसायचं असेल त्याने खुशाल हसावं, पण निदान काय झालं होतं ते कळल्यावर हसावं.

आमचं घर कडेगावच्या बाहेर, रस्त्याला लागून होतं. स्लॅबच्या दोन खोल्या, पुढे कट्टा, मागे गोठा आणि गोठ्याच्या मागून सुरू होणारा ऊस. ही गोष्ट पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीची. कोरोना येऊन गेला होता आणि त्याच सुमारास वडील, त्यांना मी आण्णा म्हणत असे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन कायमचे घरी आले होते. त्याआधी आण्णा म्हणजे वर्षातून एकदा येणारी काळी ट्रंक आणि तिच्यातला सुका मेवा. आता ते रोज होते. पहाटे उठून अंथरुणाची घडी अशी काटेकोर घालत की आई चिडायची, कारण तिला स्वतःची घडी पुन्हा घालावी लागायची. सकाळी मोटर सुरू झाल्याचा गुरगुराट, मग आईच्या भाकऱ्या थापण्याचा आवाज, मग म्हशीच्या पायातल्या साखळीचा, आणि ह्या सगळ्याच्या मधून 'ठक्' असा एक लाकडी हातोडा आपटल्याचा आवाज. तो आण्णांच्या मोबाइलमधून यायचा. चहाचा कप कट्ट्यावर, पाय लांब सोडलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि कुठल्याशा लिलावात जगातली मोठमोठी चित्रं विकत घेणं चाललेलं.

हा खेळ त्यांना त्यांच्या युनिटमधल्या एका पोराने लावून दिला होता. बर्फातल्या चौकीवर दिवस सरत नाही म्हणून. खेळात एक रिकामा राजवाडा मिळतो आणि तो भरायचा असतो. तलवारी, खुर्च्या, शिंपले, कासवं, आणि त्याच रांगेत चित्रं. माणसांनी जन्म घालवून काढलेली चित्रं, ज्यांच्यासमोर लोक तिकडे म्हणे रांगा लावतात, ती ह्या खेळात शिंपल्यांच्या शेजारच्या कप्प्यात. एक चित्र मिळालं की तारे मिळायचे, कासव मिळालं तरी तारे मिळायचे. हे मला तेव्हा खटकलं नव्हतं, आता फार खटकतं. आणि शेजारच्याच जिल्ह्यातल्या एका टेकडीवर मोठं चित्रसंग्रहालय आहे, आमची शाळेची सहल तिथे गेली होती, नऊवारीतल्या बायका तिथे अशा उभ्या आहेत की आत्ता बोलतील. त्यातली एकही बाई त्या खेळाच्या यादीत नव्हती. जगातलं प्रसिद्ध काय, हे ठरवणारे कुणी वेगळेच होते.

पण आण्णांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी त्या चित्रांना आपली नावं ठेवली होती. गालांना हात लावून बोंबलणारा माणूस तो 'वरडणारा'. जपानकडची निळी लाट ती 'लाट'. कानात मोती घालून मान वळवलेली पोरगी ती 'मोतीवाली'. आणि सगळ्यांत मोठी, हात हातावर ठेवून बसलेली, हसते का नाही हे कळू न देणारी, ती नुसती 'बाई'. बाई मिळाली त्या दिवशी आण्णांनी आईला चुलीपुढून उठवून आणलं. हाताला पीठ लागलेल्या आईने लांबूनच मोबाइल बघितला आणि म्हणाली, "हिला भुवया का न्हाईत?" आण्णा म्हणाले, "मोठी लोकं असत्यात ती. तशीच असत्यात." मग आईने अजून जरा बघितलं आणि म्हणाली, "हातात बांगडी हाय तेवढी बरं वाटतंय." आणि भाकरी करपेल म्हणून निघून गेली.

ह्या दोन वाक्यांवर मी अख्खं आयुष्य विचार करत आले आहे. भुवया नाहीत हे आईला खटकलं, आणि मूळ चित्रात त्या खरंच दिसत नाहीत. बांगडी आहे ती तिला बरोबर वाटली, आणि मूळ चित्रात ती नाही. पण हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या खेळाच्या लिलावात काही चित्रं खोटी यायची. खऱ्यासारखीच, फक्त एक बारीक गोष्ट बदललेली. ती ओळखायला कोपऱ्यात एक भिंग दिलेलं होतं, ते दाबलं की चित्र तपासून मिळायचं. आण्णांनी ते कधी दाबलं नाही. ज्यांची नजर अधू आहे त्यांच्यासाठी ते आहे अशी त्यांची समजूत होती. "माझं डोळं चांगलं हायत," असं ते म्हणायचे. सुरुवातीच्या इंग्रजी सूचना तर युनिटमधल्या त्या पोराने भराभर पुढे ढकलून दिल्या होत्या. म्हणजे खोटी बाई आमच्या राजवाड्यात मोठ्या भिंतीवर लागली आणि तिच्यावर आमच्या घराने मनापासून विश्वास ठेवला.

आता माझं सांगते. मला रांगोळीचा नाद मावशीमुळे लागला. मावशी सांगलीत राहायची, आणि सांगलीत रांगोळी म्हणजे दारापुढचे ठिपके नव्हेत. तिथे माणसाचा चेहरा काढतात, डोळ्यातलं पाणी काढतात, रेशमी पदराची चुणी काढतात, सगळं चिमटीतून सोडलेल्या पुडीने. लांबून बघणाऱ्याला फोटो वाटतो आणि वाकून बघितलं तर नुसती धूळ. दर सुट्टीत मी मावशीकडे जाऊन तिच्याबरोबर प्रदर्शनात बसायची. रंग चाळणीने चाळायला, कातडीचे रंग मिसळायला तिनेच शिकवलं. दहावीची परीक्षा झाली तेव्हा मी आण्णांना सांगितलं की मला सांगलीला चित्रकला शिकायची आहे. आण्णांच्या डोक्यात मी कराडला विज्ञान घेऊन पुढे बीएस्सी करावं असं होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी बराच वेळ उसाकडे बघितलं आणि म्हणाले, "औंदा मावशीच्या प्रदर्शनात मोठ्या हॉलमध्ये बस. नंबर आला पायजे. आला तर सांगली, न्हाई तर कराड." मला त्यांचा शब्द माहीत होता. तो इकडचा तिकडे होत नसे. आई म्हणाली, "पोरीला असं तराजूत का घालताय?" तर ते म्हणाले, "तराजूतच कळतंय."

कोणतं चित्र काढायचं हेही त्यांनीच ठरवलं. "बाई काढ. जगात हिच्या वरचं चित्र न्हाई." आणि मग त्यांनी जे केलं ते आमच्याच भागातला माणूस करू शकतो. मोबाइलवर बाई पूर्ण मोठी करून तिचा फोटो काढला आणि गावातल्या फ्लेक्सवाल्याकडे जाऊन दरवाजाएवढा फ्लेक्स छापून आणला. फ्लेक्सवाल्याने विचारलं, "वाढदिवस कुणाचा हाय? खाली शुभेच्छुक कोण कोण टाकू?" आण्णा म्हणाले, काही टाकू नको. त्याने बिचाऱ्याने तरी सवयीने चारी बाजूंनी सोनेरी किनार टाकलीच. तो फ्लेक्स आम्ही खोलीत भिंतीला लावला. त्या आठवड्यात आई उन्हाळ्याच्या कुरडया घालत होती, घरभर चिकाचा वास होता, आणि बाई वरून बघत होती. मी तिच्यावर पेन्सिलने चौकटी आखल्या आणि चौकटीगणिक ती पाठ केली.

"नेटवर एकदा बघितलं नाहीस का?" हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला आहे, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रत्येक वेळी तेच हसू असतं. बघितलं होतं. एवढ्याशा पडद्यावर चेहरा ताडून पाहिला, भुवया नाहीत याची खात्री केली, मागचा रस्ता आणि पाणी बघितलं. बांगडी आहे की नाही हे बघायचं मला सुचलंच नाही. माझ्या डोळ्यांना बाईचा हात म्हणजे बांगडी असलेलाच हात. आजही मी तेच म्हणेन.

प्रदर्शन मे महिन्यात होतं. सांगलीतल्या एका शाळेचा मोठा हॉल, आणि हॉलमधले सगळे पंखे बंद. वाऱ्याने पूड उडते म्हणून दारंखिडक्याही लावलेल्या. मे महिन्यातली सांगली ज्याने सोसली आहे त्याला मी काय म्हणते ते कळेल. कपाळाला फडकं बांधायचं, कारण घामाचा थेंब पडला की झालेल्या गालाला भोक पडतं. रांगोळीवर हात टेकता येत नाही, म्हणून विटांवर फळी टाकून तिच्यावर पालथं पडायचं आणि खाली हात सोडून काम करायचं. मावशी दुपारी भडंग आणि ताक घेऊन यायची आणि मी दाराबाहेर जाऊन खायची, कारण आत शेंगदाण्याचं टरफल पडलं तरी संयोजक ओरडायचे. संयोजकांना सगळे सर म्हणत. पांढरा कुर्ता, गळ्यात ओळखपत्र आणि प्रत्येकाच्या रांगोळीपुढे उभं राहून जरा मान तिरकी करण्याची सवय. माझ्या बाईपुढे ते दोनदा थांबले. दुसऱ्यांदा म्हणाले, "हात फार छान उतरलाय." हे मी विसरलेले नाही. हाताचीच तारीफ केली होती त्यांनी.

आणि तो हात चांगला झालाच होता. चेहऱ्यापेक्षा जास्त वेळ मी त्या बांगडीला दिला. बारीक, सोन्याची, मनगटावर जराशी तिरकी बसलेली. सोनं रांगोळीत काढणं अवघड असतं. पिवळा टाकला की हळद दिसते. तपकिरी, त्यावर पिवळट, त्यावर कडेला पांढऱ्याची एक चिमूट, तीही श्वास रोखून. ती चिमूट पडली आणि बांगडी चमकली तेव्हा मी फळीवर पडल्यापडल्याच हसले. मावशी शेजारी आपली रांगोळी काढत होती. ती नुसतं म्हणाली, "जमलं गं तुला." मावशी तारीफ करणारी बाई नव्हती.

प्रदर्शन लोकांना खुलं झालं आणि दुसऱ्याच दिवशी एक कॉलेजचा पोरगा आला. तोही तोच खेळ खेळत असणार. दोरीपलीकडे उभा राहून बाईकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाला, "अरे, ही तर फेक आहे. बांगडी बघा." मग मोबाइल काढून हसत हसत त्याने व्हिडिओ केला, चेहऱ्यावरून सरकत बांगडीवर आणला, मग मी फळीशेजारी डागडुजीसाठी रंग चाळत बसले होते ते दाखवलं. मला काही कळलं नाही. संध्याकाळी मावशीच्या शेजारणीने तो व्हिडिओ मावशीला दाखवला तेव्हा कळलं. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं ते इथे लिहीत नाही. खेडवळ, कॉपी करायचीही अक्कल नाही, असं बरंच. त्या पोराला मी कधी शोधलं नाही. पण एखाद्या मुलीने उन्हाळा फळीवर पालथं पडून काढलेली गोष्ट समोर दिसत असताना ज्याला फक्त चूक दिसते, त्याला मी आजही माफ केलेलं नाही आणि करणार नाही.

दुसऱ्या दिवशी गर्दी झाली. खरं सांगायचं तर त्या प्रदर्शनाला तेवढी गर्दी कधीच झाली नव्हती. सगळ्यांना बांगडी बघायची होती. त्याच दुपारी नंबर जाहीर व्हायचे होते म्हणून आण्णा आणि आई कडेगावहून आले होते. आण्णांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, आईने लग्नाकार्याची साडी. त्यांना व्हिडिओचं काही ठाऊक नव्हतं. ते रांगेत उभे होते आणि रांग आपल्या लेकीच्या रांगोळीसाठी आहे हे कळल्यावर आण्णांची छाती किती फुगली ते मला लांबूनही दिसत होतं. तेवढ्यात सर मला बाजूला घेऊन गेले. मावशीही आली.

सर म्हणाले, "हे बघ बाळ, परीक्षकांनी तुला तिसरा नंबर दिलाय. पण मूळ चित्रात बांगडी नाही. गेममधल्या नकली चित्राची ती खूण आहे. आपली बदनामी होतेय सगळीकडे. ती बांगडी काढून टाक, तिथे कातडीचा रंग भर, मी लगेच नंबर जाहीर करतो. नाही काढली तर मला दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल."

मावशी हळूच म्हणाली, "काढ गं. तासाभराचं काम हाय. तुझं सगळं शिक्षण त्यावर अडकलंय."

आण्णा दोरीपाशी पोहोचले होते. त्यांनी सगळं ऐकलं. नकली, गेम, खूण. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला, कारण बाई त्यांची होती, त्यांच्या राजवाड्यातली. मग म्हणाले, "सर म्हणत्यात तर काढ, प्राजे." मला त्यांचा भयंकर राग आला. ज्यांनी फ्लेक्स छापून आणला, ज्यांनी 'फोटूत हाय तसंच काढ' म्हणून बजावलं, तेच आता पुसून टाक म्हणत होते.

मी फळीवर जाऊन पालथी पडले. हातात मऊ ब्रश होता. रांगोळीतली चूक ब्रशने उचलतात, एका फटक्यात जाते. रांग थांबली होती आणि सगळे बघत होते. रांगेत पुढे माण तालुक्यातून आलेल्या दोनतीन बायका होत्या, कुणाच्या तरी लग्नाला सांगलीत आलेल्या. त्यांतली एक वयस्कर बाई माझ्या ब्रशकडे बघून म्हणाली, "आवं, बाईच्या हातातली बांगडी का काढताय? चांगली बसल्याली बाई हाय."

सरांनी तिला समजावलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं समजावलं. ते म्हणाले, "आजी, ती बांगडी म्हणजेच हे चित्र खोटं असल्याची खूण आहे. खऱ्या बाईच्या हातात बांगडी नाही."

त्या बाईने आपले बांगड्या भरलेले हात पदराखाली घेतले. एवढंच केलं तिने. पण मी फळीवरून वर बघत होते आणि मला दोरीपलीकडचे सगळे हात दिसत होते. तिच्या बरोबरच्यांचे, मावशीचे, आणि मागे आईचे. आईने ह्या प्रदर्शनासाठी आदल्या दिवशी नव्या हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. जगाच्या कुठल्यातरी टोकाला कुणी खेळ बनवणारे बसले होते, त्यांना ह्या चित्रात काय घातलं की ते खोटं दिसेल असा प्रश्न पडला होता, आणि त्यांना बांगडी सुचली होती. आणि आमचे सर, सांगलीचे, त्यांच्या बाजूने आम्हाला ते समजावून सांगत होते. माझ्या आईच्या समोर.

मी उठले. फळीवरून उतरून ब्रश खाली ठेवला. म्हणाले, "न्हाई काढत मी."

सर म्हणाले, "अगं, नंबर जाईल."

"जाऊ दे. सगळी रांगोळी पुसायची तर पुसा. बांगडी काढणार न्हाई." आणि मग तोंडातून निघून गेलं, "तुमी बघितलंय का मूळ चित्र?"

"फोटोत बघितलंय."

"मीबी फोटूतच बघितलं."

सर लाल झाले आणि निघून गेले. तिसरा नंबर हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या एका रांगोळीला गेला. ती एका पुढाऱ्याची होती. त्या पुढाऱ्याला सांगलीतल्या सगळ्यांनी पाहिलं होतं, त्याच्या डोक्यावर केस किती उरलेत हेही सगळ्यांना माहीत होतं. रांगोळीत त्याला दाट काळे केस होते. ते खोटे आहेत असं कुणी म्हणालं नाही, ते ब्रशने उचल असंही कुणी सांगितलं नाही. पुढारी स्वतः येऊन त्या रांगोळीशेजारी फोटो काढून गेला. मी हे सगळं माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे, आणि लोक अजून मला विचारतात की एवढ्या जुन्या गोष्टीचा राग कसला धरता.

कडेगावला परतताना मोटरसायकलवर पुढे आण्णा, मध्ये मी, मागे आई. आईने तेवढा माझ्या खांद्यावर हात ठेवला होता आणि खाचखळग्यात तिच्या बांगड्या माझ्या कानाशी वाजत होत्या. मला कराड दिसत होतं. घरी आल्यावर मी जेवले नाही. आईने आमरस केला होता, तो तसाच झाकून ठेवला.

सकाळी मी कट्ट्यावर आले तर आण्णा चहा घेत बसले होते, पण हातोड्याचा आवाज नव्हता. मोबाइल मांडीवर होता. मला बघून म्हणाले, "ते भिंग कुठं हाय गं?" मी दाखवलं. त्यांनी पहिल्यांदा ते दाबलं. बाई मोठी झाली, बांगडीभोवती लाल गोल फिरला आणि वर इंग्रजीत आलं की हे चित्र नकली आहे, भिंतीवरून काढून टाकल्यास तुमच्या संग्रहाला पूर्ण तारे मिळतील, काढून टाकायचं का? खाली हो आणि नाही. आण्णांनी ते सगळं ओठ हलवत वाचलं. मग मोबाइल बाजूला ठेवला.

"काल मी तुला काढ म्हणलो," ते म्हणाले. "वरचा म्हणाला की करायचं, एवढंच माझ्या अंगात हाय. ते काय बरोबर झालं न्हाई."

कराडच्या कॉलेजचा विषय आता काढतील असं मला वाटत होतं.

"बरं, एक सांग. परीक्षकांनी तुला तिसरा नंबर दिला व्हता का न्हाई?"

"दिला व्हता. पण..."

"पण तू घेतला न्हाईस. ते येगळं. मी नंबर आला पायजे म्हणलोतो. घेतला पायजे असं म्हणलो न्हवतो." ते उठले, कप खाली ठेवला आणि आत आईला हाक मारून म्हणाले, "हिच्या निकालाची वाट बघा. सांगलीचं बघतो मी." आणि मोटर सुरू करायला निघून गेले. आईने झाकलेला आमरस बाहेर आणला आणि माझ्यासमोर ठेवला. मी तिथेच कट्ट्यावर बसून वाटी संपवली.

तो फ्लेक्स आईने पुढे गोठ्यावर टाकला, पावसाळ्यात कडब्याला झाकण म्हणून. बाई म्हशींवर बरीच वर्षं हसत राहिली, आणि मग तिचा रंग उडाला. तो खेळही कधीतरी बंद पडला. पण तोवर, मी सांगलीत शिकत होते ती सगळी वर्षं आणि पुढेही, आण्णा रोज सकाळी कट्ट्यावर चहा घेऊन तो उघडायचे. तो खेळ मोठा हेका धरणारा होता. एकदा नकली म्हणून कळलं की रोज उघडल्याबरोबर विचारायचा, नकली चित्र काढून टाकायचं का? ते विचारणं बंद करता येत नव्हतं, मी सुट्टीत आले की खूप शोधलं. आण्णा म्हणायचे, "ऱ्हाऊ दे. इचारू दे त्याला." एका ताऱ्यासाठी त्यांचा राजवाडा शेवटपर्यंत अपुरा राहिला, आणि रोज सकाळी, चहाचा पहिला घोट घ्यायच्या आधी, ते चष्मा नाकावर सरकवायचे, बाईच्या हाताकडे एकदा बघायचे आणि 'नाही'वर अंगठा ठेवायचे.